वाळूक, शेंदाड आणि बियाण्याचा हक्क

मराठवाड्याच्या काळ्या रानात ज्वारी-कापसाच्या आधाराने दोन वेली वाढत आल्या आहेत: वाळूक आणि शेंदाड. दोन्ही काकडी-खरबुजाच्या कुळातल्या. वाळूक पेरायचे, शेंदाड आपोआप उगवायचे. या भेदामागे जमिनीच्या मालकीचा इतिहास आहे, आणि तो आपण तपासला पाहिजे.

औंढा नागनाथ तालुक्यातले शिरड शहापूर घ्या. हा मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात, पुढे परभणी जिल्ह्यात आणि 1 मे 1999 पासून हिंगोली जिल्ह्यात. राज्य बदलले, जिल्हा बदलला. परंतु या भागातल्या गावगाड्यात महार-मांगांच्या वाट्याला बलुते, वेठ आणि दुसऱ्याच्या रानातली मजुरीच आली. वाळकाचे बी ज्वारीच्या पेरणीबरोबरच तासात टाकले जाई. बी टाकणारी, निंदणारी बाई बहुधा मजूर. फळ मात्र ज्याचे रान त्याचे. शेंदाडाला मालक नव्हता. ते तण म्हणून उपटायचे. उरले तर गुराख्याने, मजुरणीने खायचे. कच्चे कडू, पिकले की आंबटगोड. त्याच्या फोडी उन्हात वाळवून कोरड्यासाला ठेवायच्या. वाळूक भाकरीबरोबर मीठ-तिखट लावून खायचे.

मालक नसलेल्या फळाला प्रतिष्ठाही नव्हती. भित्र्या, कुचकामी माणसाला मराठी भाषेने 'शेंदाडशिपाई' म्हटले. जे गरिबाच्या तोंडी गेले ते शिवीतही गेले!

विज्ञानाचा निवाडा वेगळा आहे. 1925 साली कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल व्हॅलीत खरबुजावर भुरी रोग पडला, तेव्हा त्याला तोंड देणारा गुण भारतातून नेलेल्या खरबुजाच्या बियांत सापडला. त्यातून 1936 साली तेथे रोगप्रतिकारक वाण तयार झाले. त्या बियांच्या मूळ राखणदारांचे नाव कोणत्याही वाणाला मिळाले नाही.

बी राखणे हे ज्ञानाचे काम आहे. शेंदाड आणि वाळूक शेजारी असले की मधमाश्या पराग इकडून तिकडे नेतात, आणि पुढच्या वर्षी वाळूक कडू निघू शकते. म्हणून फळ चाखून गोड वेल हेरायची, तिचे एक चांगले फळ न तोडता वेलीवरच पूर्ण पिकू द्यायचे, बी धुऊन, राख लावून, सावलीत वाळवून ठेवायचे. आता यातली मुख्य अट पाहा. एक फळ न खाता राखावे लागते, आणि ते पिकेपर्यंत रानावर आपला ताबा असावा लागतो. संध्याकाळची भाकर आजच्या मजुरीवर अवलंबून आहे आणि उद्या त्या बांधावर पाय ठेवता येईल की नाही हे दुसरा ठरवतो, अशा माणसाला बी राखता येत नाही. बियाण्याचा प्रश्न हा अशा रीतीने जमिनीचाच प्रश्न आहे.

1959 साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा-खानदेशात झालेला भूमिहीनांचा सत्याग्रह आणि 1964 चा देशव्यापी लढा या दृष्टीने पुन्हा वाचले पाहिजेत. गायरानाचा तुकडा म्हणजे धान्य, तसाच स्वतःच्या बियाण्याचा आरंभही. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि परभणी-नांदेडकडे दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. घर जळते तेव्हा गाडग्यातले बीही जळते. त्याचा पंचनामा कोण करतो?

पुढे नवी शेती आली. 1964 साली सी.एस.एच.-1 ही संकरित ज्वारी आली, उंच ताट मागे पडले. नंतर सोयाबीन पसरले. कमरेएवढ्या सोयाबीनचा वेलीला आधार नाही, आणि तणनाशक शेंदाडाला उगवू देत नाही. ज्या फळाला मालक नव्हता त्याला आता जागाही उरली नाही. मजुराच्या ताटातले फुकटचे फळ गेले, याची नोंद उत्पादनाच्या आकड्यांत सापडायची नाही.

अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे या आदिवासी महिलेला गावरान बियाण्यांच्या जतनासाठी 2020 चा पद्मश्री जाहीर झाला. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातील महार-मांगांच्या अन्नाला ग्रंथात आणले. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने पारंपरिक वाण जतन करणाऱ्यालाही शेतकरी मानले. कायदा एवढे मानतो. पण बी कागदावर उगवत नाही.

म्हणून गायरान पट्ट्यांसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपल्या मागणीत बियाणे जोडावे. शिक्षक-विद्यार्थ्यांनी वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांकडून वाळकाचे, शेंदाडाचे बी आणि त्याची माहिती जमवावी, नावानिशी लिहून ठेवावी, मृगात वस्तीच्या कुंपणाला बी टोकावे. आणि पहिले पिकलेले फळ खाण्याआधी त्यातले बी वाटून घ्यावे. पुढच्या हंगामात कोणापुढे हात पसरावा लागू नये, एवढ्यासाठी.