१९१९चा सुधारणा कायदा आणि लंडनमधील मराठी साक्षी

लंडनच्या मेडा व्हेल भागातील १०, हाउली प्लेस या घरावर लोकमान्य टिळकांच्या नावाचा निळा फलक आहे. टिळक १९१८-१९मध्ये येथे राहिले, याची तो नोंद करतो. याच काळात हिंदुस्थानच्या राज्यघटनेचा एक महत्त्वाचा टप्पा या शहरात आकार घेत होता: १९१९चा हिंदुस्थान सरकारचा कायदा, म्हणजेच माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा. या सुधारणांच्या चर्चेत मुंबई इलाख्यातून दोन भिन्न मराठी मागण्या पार्लमेंटपुढे आल्या. मराठी इतिहासलेखनात पहिलीची आठवण ठळक राहिली, दुसरीची पुसट झाली.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. २० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री एडविन माँटेग्यू यांनी हिंदुस्थानला क्रमाक्रमाने जबाबदार राज्यपद्धती देण्याचे धोरण जाहीर केले. जुलै १९१८मध्ये माँटेग्यू आणि व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. उजाडले खरे, पण सूर्य कोठे आहे, असा टिळकांचा त्यावरील अभिप्राय प्रसिद्धच आहे.

टिळकांची विलायतवारी सहज घडली नाही. १९१८च्या वसंतात होमरूल लीगचे शिष्टमंडळ घेऊन ते निघाले, परंतु पासपोर्ट रद्द झाल्याने त्यांना कोलंबोहून परतावे लागले. पुढे व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावरील अब्रुनुकसानीच्या दाव्यासाठी परवानगी मिळाली, तीही राजकीय चळवळ न करण्याच्या अटीवर. या प्रवासामुळे, निवड होऊनही, डिसेंबर १९१८च्या दिल्ली काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांना स्वीकारता आले नाही. फेब्रुवारी १९१९मध्ये दाव्याचा निकाल विरुद्ध गेला आणि खर्चाचा मोठा बोजा अंगावर पडला. त्या दाव्यात टिळकांचे वकील होते सर जॉन सायमन. नऊ वर्षांनी ज्यांच्या आयोगाचे हिंदुस्थानात काळ्या निशाणांनी स्वागत झाले, तेच हे सायमन.

निकालानंतर मात्र टिळक लंडनमध्ये थांबले आणि त्यांनी मजूर पक्षाशी संबंध वाढवले. न. चिं. केळकर, दादासाहेब खापर्डे, जोसेफ बॅप्टिस्टा आदी सहकारी त्यांच्याबरोबर होते. जून १९१९मध्ये विधेयक कॉमन्स सभागृहात आले आणि पुढे लॉर्ड सेल्बोर्न यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त निवड समितीकडे गेले. समितीपुढे होमरूल लीगची भूमिका निःसंदिग्ध होती: प्रांतांना पूर्ण जबाबदार सरकार तत्काळ द्यावे आणि मध्यवर्ती सरकारातील बदलाला कालमर्यादा घालावी.

दुसरी मागणी भास्करराव जाधवांची. कोल्हापूर संस्थानातील अधिकारी, सत्यशोधक चळवळीतील अग्रणी आणि मराठा शिक्षण परिषदेचे संस्थापक असलेले जाधव मराठा व तत्सम शेतकरी समाजांची बाजू घेऊन याच समितीपुढे आले. मतदानाचा हक्क शेतसारा आणि मालमत्तेवर बेतलेला असताना, नव्या कायदेमंडळात जाणार कोण, हा त्यांचा प्रश्न होता. त्यामागे कटुताही होती. अथणीच्या सभेत टिळकांनी शेतकरी-कारागीर जातींच्या कायदेमंडळात जाण्याच्या आकांक्षेची टर उडवली, हा आक्षेप ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी कायम लावून धरला. १९१६च्या लखनौ करारात मुस्लिमांचे स्वतंत्र मतदारसंघ मान्य करणाऱ्या नेत्याकडून ही भाषा त्यांना अधिकच बोचली असणार. दुसरीकडे, या मागणीचा उपयोग साम्राज्य फुटीसाठी करील, ही राष्ट्रीय पक्षाची भीतीही निराधार नव्हती. तरीही जाधवांची साक्ष केवळ सरकारधार्जिणी म्हणून निकाली काढणे अन्यायाचे ठरेल.

अस्पृश्य समाजाचे म्हणणे त्या वर्षी मुंबईतच नोंदले गेले. जानेवारी १९१९मध्ये साउथबरो मताधिकार समितीपुढे सिडनहॅम कॉलेजातील तरुण प्राध्यापक भीमराव आंबेडकर आणि विठ्ठल रामजी शिंदे यांनी निवेदने दिली. आंबेडकरांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र प्रतिनिधित्व मागितले. लंडनमध्ये हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन यांनी स्त्रियांच्या मताधिकारासाठी आग्रह धरला. पार्लमेंटने तो निर्णय प्रांतांवर सोडला आणि मुंबईने १९२१मध्ये स्त्रियांना मत दिले.

२३ डिसेंबर १९१९ रोजी विधेयकाला राजसंमती मिळाली. प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य, शेती ही ‘सोपीव’ खाती कायदेमंडळाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे गेली. अर्थ, पोलीस आणि शेतसारा ही ‘राखीव’ खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. म्हणजे शाळा काढण्याची जबाबदारी मंत्र्याची, तिजोरीची किल्ली मात्र दुसऱ्याकडे. त्याहून गंभीर होती ती प्रास्ताविकेतील तरतूद: पुढचे प्रत्येक पाऊल केव्हा आणि किती टाकायचे, हे पार्लमेंटच ठरवणार होते. टिळकांची कालमर्यादेची मागणी तेथेच संपली. मराठ्यांना मात्र मुंबई कायदेमंडळात सात राखीव जागा मिळाल्या. त्या स्वतंत्र मतदारसंघांच्या नव्हत्या. अनेक प्रतिनिधींच्या संयुक्त मतदारसंघात एक जागा राखून ठेवण्याची ती पद्धत होती. अस्पृश्यांच्या वाट्याला सरकारनियुक्तीपलीकडे काही आले नाही.

टिळक नोव्हेंबर १९१९मध्ये मायदेशी परतले. अमृतसरच्या अधिवेशनात त्यांनी प्रतियोगी सहकारितेची भूमिका मांडली: मिळाले ते घ्यावे, राबवावे आणि उरलेल्यासाठी झगडावे. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधन झाले आणि नव्या कौन्सिलांच्या पहिल्या निवडणुकीवर काँग्रेसने बहिष्कार घातला. जाधव निवडणुकीच्या राजकारणात उतरले आणि त्याच दशकात मुंबई सरकारात मंत्री झाले.

१२ नोव्हेंबर १९३० रोजी लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद भरली, तेव्हा प्रतिनिधींच्या यादीत भास्करराव जाधव पुन्हा होते. मुकुंदराव जयकर आणि टिळकांचे नागपूरचे अनुयायी डॉ. मुंजे होते, आणि डॉ. आंबेडकरही. २० नोव्हेंबरच्या भाषणात आंबेडकरांनी लोकांनी चालवलेल्या लोकांच्या सरकारची मागणी केली, आणि त्याच भाषणात, त्या सरकारात अस्पृश्यांच्या हाती प्रत्यक्ष राजकीय सत्ता किती येणार, हेही विचारले.