गोंगाटजन्य श्रवणऱ्हास

मोठ्या आवाजात दीर्घकाळ राहिल्याने, किंवा कानाजवळ फटाका वा सुरुंग फुटण्यासारखा एखादाच प्रचंड आवाज झाल्याने, येणारे बहिरेपण. ते बहुतांशी टाळता येते, आणि कायमचे जडले की औषधाने वा शस्त्रक्रियेने पूर्ववत होत नाही. असे असूनही त्याकडे जेवढे दुर्लक्ष होते तेवढे क्वचितच दुसऱ्या इजेकडे होत असेल.

आंतरकर्णातील शंखासारख्या वेटोळ्या भागात जन्मतः सुमारे १५ हजार केसपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांनी त्यांच्या टोकांवरचे सूक्ष्म केस लवतात आणि श्रवणचेतेकडे संदेश जातो. अतिरेकी आवाजाने या पेशी थकतात. विश्रांती मिळाली तर काही सावरतात; म्हणूनच मिरवणुकीनंतर बसलेले दडे बहुधा दुसऱ्या दिवशी सुटतात. पण मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही.

दिवसाला ८ तास ८५ डेसिबल ही सुरक्षिततेची सर्वसाधारण मर्यादा धरतात. आवाज ३ डेसिबलने वाढला की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. या हिशेबाने १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे मिळतात. ढोल-ताशा पथकातील वादक किंवा मिरवणुकीतील स्पीकरच्या भिंतीपुढे नाचणारा मुलगा ही मर्यादा बघता बघता ओलांडतो. मुंबईच्या कापडगिरण्यांतील साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, धोट्यांच्या खडखडाटामुळे कामगार खुणांनी बोलत. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांवरही तोच धोका आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तेथे कान झाकायलाच हवेत.

कापसाचा बोळा त्यासाठी पुरत नाही. फोमची गुळी चिमटीत वळून बारीक करावी, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर व मागे ओढून गुळी आत सरकवावी आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावी. अर्धवट बाहेर राहिलेली गुळी फारसे रक्षण करत नाही. सततच्या कामासाठी कानावरचे संरक्षक टोप चांगले.

ऱ्हासाची सुरुवात बहुधा ४००० हर्ट्‌झच्या आसपास होते. श्रवणआलेखात तेथे खाच दिसते. आधी स, श, फ यांसारखी वरच्या पट्टीतील व्यंजने हरवतात, स्वर मात्र ऐकू येत राहतात. फोनवर ‘साठ’ सांगितले तर ‘आठ’ ऐकू येते. अशी माणसे ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही’ असे म्हणतात. घरच्यांना ते सोंग वाटते, ‘हवं तेव्हा बरं ऐकू येतं’ असे टोमणे बसतात, आणि माणूस हळूहळू बैठकीतून, लग्नकार्यातून अंग काढून घेतो. हे एकटेपण बहिरेपणाहून कमी जाचक नसते.

अशा व्यक्तीशी ओरडून बोलू नये. ओरडण्याने शब्द विकृत होतो. उजेडात समोर बसून, तोंड न झाकता, सावकाश बोलावे. एखादे वाक्य कळले नाही तर तेच पुन्हा न घोकता वेगळ्या शब्दांत सांगावे. टीव्ही आणि मिक्सर बंद करण्याने बरेच साधते. श्रवणयंत्र ऱ्हास थांबवत नाही, पण उरलेल्या श्रवणाचा उपयोग करून देते. सुरुवातीला भांड्यांचा खणखणाटही असह्य वाटतो. पुष्कळ यंत्रे याच टप्प्यावर कपाटात जातात. मेंदूला सरावासाठी आठवडे लागतात. तोवर रोज थोडा वेळ वाढवत ते वापरावे आणि ऑडिओलॉजिस्टकडून पुन्हा जुळवून घ्यावे. पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवल्यास दमटपणाने बिघडण्याचा धोका कमी होतो.

तपासणी व पुनर्वसनासाठी मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. मात्र काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एका कानाचे श्रवण एकाएकी गेल्यास मळ समजून तेल घालत बसू नये. उपचार लवकर सुरू झाले तरच ते परत येण्याची आशा अधिक असते, म्हणून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.