पाऊलखूण-गणक, ऑनलाइन (वर्धा जिल्हा)

वीज, इंधन, आहार, कापड यांच्या वापरावरून पर्यावरणावरील भार आकड्यांत मांडणारे संगणकीय साधन. रीस व वाकरनागेल यांची परिस्थितिकीय पाऊलखूण (1990 चे दशक) आणि हूकस्ट्रा यांची जल-पाऊलखूण (2002) या त्यामागील संकल्पना. हिशेब साध्या गुणाकाराचा : 100 युनिट वीज वापरली, तर भारतीय ग्रिडच्या युनिटमागे सुमारे 0.7 किग्रॅ. या दराने 70 किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड.

वर्ध्यात खरी कसोटी कापसाची. जागतिक सरासरीने किलोभर सुती कापडामागे सुमारे 10,000 लिटर पाणी धरतात. येथील बरेचसे पीक कोरडवाहू, म्हणजे पावसाच्या ‘हिरव्या’ पाण्यावरचे. विहिरी-कालव्यांचे ‘निळे’ पाणी वेगळे न मोजता एकच बेरीज दाखवणारा गणक इथे दिशाभूलच करतो.

अशा मोजदादीमागचा विचार वर्ध्याला नवा नाही. मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा कोळसा व खनिज तेल हा संपणारा साठा, तर लाकूड हा पुन्हा वाढणारा पुरवठा असा भेद करीत. त्यांचे ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ 1945 चे. आजचे अनेक घरगुती गणक मात्र कपड्यांवर किती रुपये खर्च झाले एवढेच विचारतात; खादी की गिरणीचे, हा रकाना त्यांत नसतो.