ग्वाल्हेरचे शून्य

ग्वाल्हेरचा किल्ला चढताना वाटेत एकाच पाषाणात कोरलेले चतुर्भुजाचे देऊळ लागते. तेथील इ. स. ८७६ च्या शिलालेखात देवाच्या बागेची लांबी २७० हात आणि नित्याच्या माळा ५० अशी नोंद आहे. दोन्ही आकड्यांतील शून्य म्हणजे लहानसे वर्तुळ होय. ‘काही नाही’ यासही तेथे चिन्ह लाभले आहे.

सुमारे अकराशे वर्षांनी, १९६५ मध्ये, टोनी होअर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने संगणकाच्या ‘अल्गॉल डब्ल्यू’ या भाषेत कोठेच न पोहोचणाऱ्या निर्देशासाठी ‘नल’ ही खूण योजिली. पुढे ती बहुधा शून्य या पत्त्याने दर्शविली जाऊ लागली. स्मृतीतील हा पत्ता सहसा मुद्दाम मोकळा ठेवतात. तेथे कोणी वाचावयास गेला की प्रोसेसर त्यास हटकतो. साधा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा बंद पडतो. सर्वांचा कारभार पाहणारा कर्नेल चुकला, तर बहुधा सारे यंत्रच थांबते.

मग तपास सुरू होतो. अखेरच्या नोंदीत दोषाचा पत्ता २४ दिसला, की जाणकार तर्क करतो : मूळ निर्देश शून्य होता व त्यापुढील चोविसाव्या बाइटावरची माहिती मागितली गेली. कोणी कोणास बोलाविले, याचा माग काढीत तो मागे जातो. पुष्कळदा आढळते ते एवढेच, की स्मृतीत जागा मागितली, उत्तर शून्य आले आणि ते कोणी पाहिले नाही.

२००९ मध्ये होअर यांनी ही आपली अब्ज डॉलरांची चूक असल्याचे जाहीरपणे कबूल केले. ग्वाल्हेरच्या शिलालेखाने शून्याची नोंद घेतली होती. अनर्थ शून्याने होत नाही. ते न पाहिल्याने होतो.