वसता जलदुर्ग

महाराष्ट्रांत किल्ले पुष्कळ. परंतु ज्यांत अजून चूल पेटते असे थोडे. मालवणचा सिंधुदुर्ग त्यांपैकीं एक होय.

कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं शिवछत्रपतींनीं त्याचा पाया घातला. १६६७ सालीं काम तडीस गेलें. इंग्रजांनीं १७६५ सालीं तो जिंकून त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असें नांव दिलें. तें नांव विरलें, वस्ती मात्र टिकली. भोंवतीं खारा समुद्र, पण आंत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी! राजाराममहाराजांनीं बांधलेल्या शिवराजेश्वराच्या देवळांत अजून पूजा चालते. हिंदु व मुसलमान अशीं मोजकीं कुटुंबें तटाच्या आंत पिढ्यान्‌पिढ्या शेजारानें नांदत आलीं आहेत.

त्यांचें जिणें सोपें नाहीं. बाजार आणि दवाखाना पाण्यापलीकडे. पावसाळ्यांत समुद्र खवळला कीं प्रवाशांच्या होड्या बंद, मग मिळकतहि बंद. उद्यां हीं घरें मिटलीं तर तट उभा राहील, गांव राहणार नाहीं. आमच्या भूमच्या शेजारीं परांड्याचा भुईकोट आहे. तट, खंदक, तोफा सारें आहे. हांकेला ओ देणारें मात्र कोणी नाहीं. म्हणून सिंधुदुर्गास जाल तेव्हां बुरूज अवश्य पाहा. पण तेथल्या एखाद्या अंगणांतहि घटकाभर बसा.