मसाल्याची सीमा

निखाऱ्यावरच्या मटणाला भरड कांदा-लसूण मसाला चोळण्याची रीत आपण पुरातन मानतो. तीतील मिरची मात्र अर्वाचीन आहे. चालुक्य नृपती सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त शुळावर भाजलेल्या मांसाचे वर्णन आहे, तेव्हा तिखटपणा मिऱ्यांचा. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकल्यावर पुढे मिरची इकडे रुजली. ब्याडगीने रंग दिला, संकेश्वरीने तिखटपणा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव-निपाणी म्हैसूर राज्यात गेले. ‘कोल्हापुरी’ म्हणून गाजलेल्या मसाल्यातील मिरचीला मात्र आजही आपल्या हुक्केरी तालुक्यातील संकेश्वराचेच नाव आहे. आपण सीमेवरचे लोक या चवीचे केवळ वारसदार नव्हे, भागीदार आहोत.