कमल रणदिवे : पेशींच्या प्रयोगशाळेतून अकोले तालुक्यात

१/ ८ नोव्हेंबर २०२१ रोजी गूगलच्या मुखपृष्ठावर सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्या एका मराठी शास्त्रज्ञेचे चित्र झळकले. त्या होत्या डॉ. कमल रणदिवे. कर्करोग आणि कुष्ठरोग यांवर संशोधन करणाऱ्या या विदुषीचे उत्तरायुष्यातील एक महत्त्वाचे काम अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात झाले. आजचा धागा त्यांच्या कार्यावर.

२/ जन्म पुण्यात, ८ नोव्हेंबर १९१७. माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकरराव फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक. शिक्षण हुजूरपागा व फर्ग्युसनमध्ये. १९४३च्या एम. एस्सी.साठी त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला.

३/ विवाहानंतर त्या मुंबईस आल्या. टाटा स्मारक रुग्णालयात विकृतिशास्त्राचे आचार्य डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे मार्गदर्शन लाभले आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळाली. पुढे त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. मानवी पेशींचा पहिला चिरंजीव वंश, ‘हेला’, १९५१ मध्ये याच गाय यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाला.

४/ मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. देशातील ही पहिली. जिवंत पेशी शरीराबाहेर वाढविता आल्या, म्हणजे रोग पेशीत कसा शिरतो हे प्रत्यक्ष पाहता येते. कर्कजनन, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र हे केंद्राचे विभाग त्यांच्या पुढाकाराने आकारास आले.

५/ उंदरांच्या काही वाणांत स्तनाचा कर्करोग हटकून होतो, काहींत क्वचितच. असे का? आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू या तिहींचा परस्परसंबंध त्यांनी तपासला. उंदरांतील हा विषाणू आईच्या दुधातून पिलांकडे जातो. परंतु विषाणू शिरला म्हणून प्रत्येक शरीर सारखेच बळी पडते असे नाही.

६/ हाच प्रश्न कुष्ठरोगातही उभा होता. कुष्ठजंतू कृत्रिम माध्यमात आजही वाढविता येत नाही. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णांच्या ऊतींतून एक जंतू वेगळा करून वाढविला. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘आयसीआरसी’ जंतू म्हणून ओळखला जातो.

७/ हा प्रत्यक्ष कुष्ठजंतू नव्हे, त्याचा भाईबंद. मात्र दोहोंत काही प्रतिजन समान. कुष्ठरोगाच्या तीव्र प्रकारात शरीराच्या संरक्षक पेशी शत्रूला ओळखूनही स्वस्थ राहतात. मृत भाईबंद टोचून त्यांना जागे करावे, या विचारातून डॉ. एम. जी. देव यांनी १९७९ मध्ये लस तयार केली.

८/ तमिळनाडूत दीड लाखाहून अधिक लोकांवर निरनिराळ्या लसींची तुलनात्मक चाचणी झाली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या लसीचे संरक्षण सुमारे ६५ टक्के आढळले. केवळ बीसीजीचे सुमारे ३४ टक्के.

९/ १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन झाली. कमलताई तिच्या संस्थापकांपैकी एक. १९८२ मध्ये पद्मभूषण. एवढ्यावर थांबले असते, तरी कोणी बोल लावला नसता.

१०/ परंतु १९८९ मध्ये सत्यनिकेतन या संस्थेच्या साहाय्याने त्यांनी अकोले तालुक्यातील आदिवासी बालकांच्या पोषणस्थितीची पाहणी हाती घेतली. (विदर्भातील अकोला नव्हे, कळसूबाई, भंडारदऱ्याचा हा डोंगराळ मुलूख.) महिला वैज्ञानिक संघटनेमार्फत गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसाहाय्यकाचे प्रशिक्षणही दिले.

११/ हा विषय प्रयोगशाळेहून निराळा वाटेल, पण तो तसा नाही. दीर्घ कुपोषणाने मुलाची थायमस ग्रंथी आक्रसते, संरक्षक टी-पेशी घटतात आणि एरवी परतवता येणारा गोवर वा अतिसार जीवघेणा ठरतो. येथे प्रतिकारशक्ती उपजत उणी नसते. ती उपासमारीने खचलेली असते.

१२/ ११ एप्रिल २००१ रोजी कमलताईंचे निधन झाले. एक शरीर तगते आणि दुसरे का ढासळते, हा प्रश्न त्यांच्या साऱ्या कामात आहे. त्याच्या उत्तराचा काही भाग पेशीत सापडतो. अकोल्याच्या डोंगरवस्तीत मात्र तो आधी मुलाच्या ताटात शोधावा लागतो.